मोटारींचा शजरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२३ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली आणि खेळ संपला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात १९६२ सालची एक लाल फेरारी विकली गेली. किंमत आली ५ कोटी १७ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे ४३० कोटी रुपये. पहिली बातमी वाचून गळा दाटला, दुसरी वाचून हसू आलं. आणि मग लक्षात आलं की ह्या दोन्ही बातम्या एकाच घरातल्या आहेत. एक भाऊ भंगारात गेला, दुसरा गादीवर बसला.

कुणी म्हणेल, कवीच हा, कशाचंही नातं कशाशीही जोडणार. पण हे नातं लोखंडातलं आहे आणि कागदोपत्री सिद्ध होतं. आमच्याकडे वंशावळीला शजरा म्हणतात. शजर म्हणजे झाड. जुन्या इटालियन मोटारींचा शजरा उलगडणं हा आज जगात एक मोठा उद्योग झालेला आहे. त्यात श्रीमंत मालक आहेत, वकील आहेत, लिलाववाले आहेत आणि आयुष्यभर हाताला काळं तेल लागलेले मिस्त्रीही आहेत. मी फेरारीत कधी बसलेलो नाही, बसेन असं वाटतही नाही. पण ह्या शजऱ्याचं मला वेड आहे, आणि ते कुर्ल्यात लागलं.

माझे वडील पंचवीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवत होते. आधी ‘डुक्कर फियाट’, मग पद्मिनी. आम्ही राहायचो कुर्ल्यात आणि ह्या गाड्या तयार व्हायच्याही कुर्ल्यातच, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात. गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री उत्तरेकडचे, वयस्कर. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. इंजिनाचं हेड उतरवलेलं असलं की ते अब्बांना म्हणत, “भाईजान, ये इंजन शरीफ घराने का है. इटली में इसके भाई-बंद रेस में भागते हैं.” अब्बा बिडी विझवत म्हणत, “तो फिर मेरा दादर का भाड़ा क्यों छूट जाता है?” गॅरेजमध्ये हशा पिकायचा. चाचांनी हे कुठं ऐकलं होतं देव जाणे. पण पुढं मराठी घेऊन बी. ए. झालो, वाचनाची खोड लागली आणि एका जुन्या पुस्तकाच्या पानावर मला तो आकडा भेटला. १०८९.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. हा आकडा जन्मला १९३७ साली ट्यूरिनमध्ये. दान्ते जाकोसा नावाच्या इंजिनीअरनं फियाट ५०८ सी ही छोटी गाडी सिद्ध केली, तिचं इंजिन १०८९ सीसीचं. पुढं ह्याच इंजिनाच्या सुधारलेल्या पिढ्या फियाट ११०० मध्ये आल्या आणि तिथून आपल्याकडे. सन २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं, तोवर हा वंश चालू होता. साठ वर्षांहून जास्त.

आता दुसरी फांदी बघा. १९३९ साली एन्झो फेरारी हा माणूस अल्फा रोमिओ कंपनीतून बाहेर पडला. करारात अट अशी की चार वर्षं त्यानं आपल्या नावानं रेसच्या गाड्या काढायच्या नाहीत. म्हणून त्यानं मोदेना गावात ‘ऑटो आव्हियो कोस्त्रुत्सिओनी’ अशा बोजड नावाचं दुकान मांडलं आणि १९४० च्या शर्यतीसाठी दोन गाड्या बांधल्या. नाव ठेवलं ८१५. आठ सिलिंडर, दीड लिटर. हाताशी वेळ नव्हता, पैसाही बेताचा. तेव्हा त्याच्या माणसांनी काय केलं? त्याच फियाट ५०८ सीची दोन हेड घेतली, नव्यानं ओतलेल्या एका ब्लॉकवर एकापुढे एक बसवली आणि चाराची आठ सिलिंडर केली. फेरारीनं स्वतंत्रपणे बांधलेली ही पहिली मोटार, जिच्यावर फेरारी हे नावच नव्हतं. ब्रेशियाच्या शर्यतीत दोन्ही गाड्या सुरुवातीला जोरात पळाल्या आणि दोन्ही मध्येच बंद पडल्या. एक पुढं मोडीत निघाली. दुसरी आजही इटलीत एका संग्रहात आहे. चाचांचं म्हणणं खरं होतं. ज्या हेडवरचा कार्बन ते खरवडायचे, त्याच्या आजोबांपासून फेरारीचं घराणं सुरू झालं.

आणि नुवोलारीची गोष्ट तर चाचांना सांगायला हवी होती, पण मला ती कळली तेव्हा ते राहिले नव्हते. युद्ध संपल्यावर ट्यूरिनमध्ये पिएरो दूसियो ह्या उद्योगपतीनं चिसितालिया नावाच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या काढल्या. इंजिन तेच, फियाटचं १०८९ सीसीचं, थोडं चेतवलेलं. १९४७ च्या जून महिन्यात मिल्ले मिल्या शर्यत युद्धानंतर प्रथमच झाली. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघायचं, रोमला वळसा घालायचा आणि सार्वजनिक रस्त्यांवरून, गावागावांतून परत यायचं. त्यात एका उघड्या चिसितालियात ताझिओ नुवोलारी बसला होता. वय ५४, फुप्फुसं खराब झालेली, दोन्ही मुलगे ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर गेलेले, धाकटा तर आदल्याच वर्षी. समोर जवळजवळ तीन लिटरची अल्फा रोमिओ. आणि हा किडकिडीत म्हातारा टॅक्सीच्या इंजिनावर शर्यतीत सगळ्यांच्या पुढं होता! शेवटच्या टप्प्यात पाऊस कोसळला. उघडी गाडी, इंजिनाच्या ठिणगीत पाणी शिरलं, गाडी थांबली. ती पुसूनपासून चालू करेपर्यंत मोलाची मिनिटं गेली. तो दुसरा आला. पावसाळ्यात मिलन सबवेत बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरचं झाकण फडक्यानं पुसणारा टॅक्सीवाला ज्यानं पाहिला आहे, त्याला नुवोलारीची ती मिनिटं समजावून सांगावी लागणार नाहीत.

त्याच चिसितालियाची बंद टपाची आवृत्ती पिनिन फारिनानं घडवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५१ साली मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ती होती, आणि १९७२ साली संग्रहालयानं तशी एक गाडी कायमची आपल्या संग्रहात घेतली. चित्रं, शिल्पं आणि त्यांच्या सोबत ती. बॉनेटखाली आमचे १०८९ सीसी.

असो. नात्याचं एवढं पुरे. मुद्दा शजऱ्याचा आहे. ४३० कोटी रुपये देणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? पत्रा म्हणाल तर ॲल्युमिनियमचा, फार तर काही हजारांचा. वेग म्हणाल तर आजची साधी स्पोर्ट्स गाडीही तिला मागं टाकेल. तो विकत घेतो एक आकडा आणि त्या आकड्याची कहाणी. प्रत्येक गाडीच्या चासीवर नंबर ठोकलेला असतो. जुन्या फेरारींमध्ये साधारण रिवाज असा होता की रस्त्यावर चालवायच्या गाड्यांना विषम नंबर आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम. ज्या २५० जीटीओ जातीला आज सगळ्यात जास्त भाव आहे, ती धावली शर्यतीत, पण कागदावर रस्त्याची गाडी, म्हणून तिचे नंबर विषम. नियमाला बगल कशी द्यावी हे इटालियन माणसाला आपल्याइतकंच चांगलं कळतं.

कोणत्या चासीत कोणत्या नंबरचं इंजिन बसवलं, कोणता गिअरबॉक्स, कोणता मागचा ॲक्सल, ह्याचे कागद मारानेल्लोच्या कारखान्यात जपून ठेवलेले आहेत. २००६ साली फेरारीनं जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभागच काढला. तुम्ही गाडी न्यायची, ते कागदाशी ताडून बघणार आणि जुळलं तर दाखला देणार. लॅम्बोर्गिनीनंही २०१५ मध्ये असाच विभाग सुरू केला. नंबर जुळले की भाव वर, नाही जुळले की खाली.

मला ह्यात अनोळखी असं काही वाटलं नाही. बी. ए.ला आम्हाला पाठचिकित्सा होती. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या, त्या निवडून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण सगळेच शिकलो. आणि घरी, मौलवी साहेबांकडे, हदीसचं शास्त्र कानावर पडलेलं. तिथं वचनाच्या आधी सांगणाऱ्यांची साखळी येते, ह्यानं त्याच्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्याकडून. साखळीतली एक कडी कच्ची निघाली तर वचन कितीही गोड असो, त्याचं वजन घटतं. मोटारवाल्यांचं शास्त्र ह्याहून वेगळं नाही. पहिला मालक कोण, त्यानं कुणाला विकली, शर्यत कोणती, अपघात कुठं झाला, दुरुस्ती कुणी केली. मध्ये दहा वर्षांची फट पडली की संशय आलाच.

फट कशी पडते त्याची एक खरी गोष्ट सांगतो. १९६२ सालची एक जीटीओ होती. चासी नंबर ३५८९. पुढं ती गाडी अमेरिकेत टेक्सासला गेली. तिथल्या मालकानं दोन-एक वर्षं पळवली. तोवर नवीन जातीच्या गाड्या आल्या आणि ही शिळी झाली. मग मालकानं ती काय केली असेल? १९६४ मध्ये गावातल्या हायस्कूलला देणगी दिली! मोटार दुरुस्तीच्या वर्गातल्या पोरांना इंजिन कसं असतं ते कळावं म्हणून. आठ वर्षं ती शाळेत होती. १९७२ मध्ये शाळेनं ती ६,५०० डॉलरना विकून टाकली. घेणाऱ्यानं ओहायो राज्यात नेली आणि एका ट्रेलरवर चढवून माळावर उभी केली. ऊन, पाऊस, बर्फ. पंधरा-एक वर्षं. १९८८ च्या सुमारास ती तिथून हलली, तेव्हा ह्या जातीच्या गाड्यांचे भाव आभाळाला पोचले होते.

लोक ही गोष्ट ऐकून हळहळतात. मी हळहळत नाही. त्या आठ वर्षांत टेक्सासच्या किती पोरांनी तिच्या बारा सिलिंडरांवरून हात फिरवला असेल! नवी होती तेव्हा तिची किंमत अमेरिकेत १८ हजार डॉलरच्या आसपास होती. आज ती ज्या कुणाच्या तळघरात आहे तिथं पोरांना कोण सोडणार? तिच्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगाची वर्षं कोणती असं मला विचारलं, तर मी शाळेची सांगेन.

भाव चढले तसे चोर आले. १९५४ सालची एक ३७५ प्लस जातीची फेरारी ओहायोतल्याच एका माणसानं १९५८ मध्ये २,५०० डॉलरना घेतली होती. तीही त्याच्या अंगणात ट्रेलरवर पडून होती. १९८० च्या दशकात ती रात्रीत नाहीशी झाली आणि समुद्र ओलांडून बेल्जियममध्ये निघाली. तिथं ती नव्यानं उभारली गेली, नवा मालक म्हणे मी रीतसर विकत घेतली. इकडे ओहायोत जुन्या मालकाजवळ तिचे काही मूळ भाग राहून गेलेले. म्हणजे देह एका देशात आणि अवयव दुसऱ्या. कोर्टकज्जे चालू असतानाच जुना मालक वारला. शेवटी तडजोड होऊन २०१४ मध्ये गाडी आणि सुटे भाग एकत्र लिलावाला आले आणि इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ७ लाख पौंडांना गेले. त्यानंतरही भांडण चालूच राहिलं.

ह्याच्या अगदी उलट ती लॉस एंजेलिसची डिनो. १९७८ साली एका घराच्या परसात पोरं माती उकरत होती, त्यांना मोटारीचं टप लागलं. पोलिसांनी खणलं तर आतून १९७४ ची हिरवी डिनो निघाली, फडकी आणि कापडं कोंबून नीट पुरलेली. विम्याचे पैसे उकळायचा बेत होता. पुढं ती दुरुस्त होऊन रस्त्यावर पळाली, आणि मालकानं नंबरप्लेटच घेतली ‘खणून काढलेली’ अशा अर्थाची. कबरीतून उठून आलेली मी ऐकलेली ही एकमेव मोटार.

शजरा शोधणाऱ्यांची नजर किती बारीक असते ते मिउराच्या गोष्टीत दिसतं. ‘द इटालियन जॉब’ हा १९६९ चा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. सुरुवातीला आल्प्सच्या घाटात एक नारिंगी लॅम्बोर्गिनी मिउरा झोकात वळणं घेते, बोगद्यात शिरते आणि तिचा चक्काचूर होतो. दरीत ढकलली ती आधीच अपघात झालेली दुसरी गाडी होती. घाटात पळालेली मिउरा नवी कोरी होती, कारखान्यानं उसनी दिलेली, आणि काम झाल्यावर ती गिऱ्हाइकाकडे गेली. नंतर पन्नास वर्षं लोक विचारत राहिले, ती कोणती? ओळख पटली ती डोकं टेकायच्या उशांमुळे. त्या गाडीच्या बैठकी पांढऱ्या चामड्याच्या होत्या. शूटिंगमध्ये मळतील म्हणून त्या काढून काळ्या बसवल्या. पण उशा मागच्या भिंतीला पक्क्या जोडलेल्या, त्या निघेनात. सिनेमात नीट पाहिलं तर काळ्या बैठकीवर पांढरी उशी दिसते. हे बारकावे, कारखान्याचे कागद आणि तेव्हा ती गाडी स्वतः चालवलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याची साक्ष, एवढ्यावर २०१९ मध्ये कंपनीनं दाखला दिला. चासी नंबर ३५८६.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

ह्या गाड्यांचे पत्रे यंत्रावर दाबून काढलेले नव्हते. मोदेनात सर्जो स्काग्लिएत्ती नावाचा कारागीर होता, २०११ साली वारला. त्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीनं ठोकत, नजरेनं तोलत. जीटीओचं अंग तिथलंच. हातानं ठोकलेलं असल्यामुळे गाडीची डावी बाजू उजवीशी तंतोतंत कधीच जुळत नाही. एका बाजूचा मडगार्ड काही मिलिमीटर फुगीर, दुसऱ्या बाजूचा जरा बसका. डावीकडे सकाळी एका कारागिरानं हात चालवला असेल आणि उजवीकडे जेवणानंतर दुसऱ्यानं. माहीतगार माणूस ह्या बेमेळावरूनच अस्सल अंग ओळखतो.

आणि दुरुस्ती करणारे काय करतात? पुष्कळदा दोन्ही बाजू सारख्या करून टाकतात. रंगाचे थर इतके चढवतात, पॉलिश इतकं मारतात की कारखान्यातून निघताना ती कधी तशी नव्हतीच. जुनं चामडं फेकतात, स्टिअरिंगवरची झीज बुजवतात. पुट्टी भरून डाग झाकायची आमच्या कुर्ल्यातही रीत होती, पण तिथं निदान कुणी त्याला इतिहासाचं जतन म्हणत नसे. पोथीतल्या लेखनिकाच्या चुका सुधारून, नव्या कागदावर छापून, वर ‘मूळ प्रत’ असा शिक्का मारावा, तसा हा प्रकार.

सुदैवानं वारं थोडं फिरलं आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं २०१२ मध्ये ट्यूरिनची सनद केली. तिचं सार असं की जपणूक आधी, दुरुस्ती नंतर, आणि कालमानाच्या खुणा पुसू नका. त्याचं उदाहरण पॅरिसला २०१५ मध्ये दिसलं. पश्चिम फ्रान्समधल्या एका वाडीवर साठेक मोटारी चाळीस-पन्नास वर्षं छपराखाली सडत पडलेल्या सापडल्या. कुणी एका वाहतूक व्यावसायिकानं संग्रहालय काढायचं म्हणून जमवल्या, धंदा बुडाला, स्वप्न राहिलं. त्यांत १९६१ ची एक उघडी फेरारी, कॅलिफोर्निया स्पायडर. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली. एके काळी ती आलाँ दलाँ ह्या नटाची होती. लिलाववाल्यांनी तिच्यावरची धूळसुद्धा झटकली नाही, तशीच मांडली. १ कोटी ६३ लाख युरो आले. धुळीला भाव आला म्हणून लोकांनी थट्टा केली. मला ती थट्टा पटत नाही, पण त्या पैशाचंही कौतुक नाही. मासिकांच्या गठ्ठ्याखाली दबून राहिल्यावर किंमत येते हे ऐकून मराठी कवीला थोडी आशा वाटली, इतकंच.

पण ‘मूळ’ म्हणजे तरी काय? सुरुवातीला ज्या लाल गाडीबद्दल बोललो, तिचंच घ्या. १९६२ मध्ये ती चार लिटरचं इंजिन घालून नुर्बुर्गरिंगला दुसरी आली, ल मान्सला अर्ध्यात थांबली. नंतर कारखान्यानंच ते इंजिन काढून तीन लिटरचं बसवलं आणि विकली. पुढं ती सिसिलीच्या घाटांत शर्यती पळाली. मग तिचं मूळ रूप कोणतं, नुर्बुर्गरिंगचं की सिसिलीचं? ह्याला उत्तर नाही. गाडी एका क्षणी पुरी होत नाही, ती होत राहते. गझलेचा शेर मुशायऱ्यात एक, छापताना दुसरा आणि म्हातारपणी तिसरा, हे आम्हाला चांगलं माहीत आहे.

ह्या शजऱ्यांमध्ये एक गोष्ट मात्र मला नेहमी टोचते. १२ मे १९५७. मिल्ले मिल्याचा शेवटचा टप्पा, मान्तोवाच्या पुढं ग्विदिझोलो हे गाव. रस्त्याच्या कडेला लोक शर्यत बघायला उभे. आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला आणि गाडी गर्दीत शिरली. तो आणि त्याचा सहचालक जागीच गेले. नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुलं होती. इटलीनं त्यानंतर ती शर्यत बंद केली. एन्झो फेरारीवर खटला भरला गेला, १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. गाडी उरली नाही. पण त्याच शर्यतीत दुसरी आलेली फेरारी उरली, आणि २०१६ मध्ये पॅरिसला ती सुमारे ३ कोटी २० लाख युरोंना विकली गेली. दुसरा क्रमांक हा तिच्या शजऱ्यातला मानाचा तुरा आहे. तुऱ्याला किंमत मिळते. त्याच दुपारी त्याच रस्त्यावर उभी असलेली पाच मुलं कोणत्या कागदात मांडायची? ग्विदिझोलोजवळ रस्त्याकडेला त्यांचं स्मारक आहे. आता दरवर्षी जुन्या गाड्यांची हौशी मिल्ले मिल्या निघते, तीत फक्त १९५७ पर्यंत त्या शर्यतीत उतरलेल्या जातीच्याच गाड्या घेतात. ५७ च का, हे सांगणारा दगड तो आहे. ज्याला शजरा सांगायचा आहे त्यानं फांद्या निवडून सांगू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

आणि मिस्त्री. मारानेल्लोच्या कागदात इंजिनाचा नंबर सापडतो. डाव्या मडगार्डवर हातोडी चालवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा सापडत नाही.

अब्बा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही मिळाली. शेवटची चौदा वर्षं ते एकच पद्मिनी चालवत होते, दुसऱ्याच्या मालकीची. वही त्या गाडीची. त्यांचं शिक्षण उर्दू चौथी, त्यामुळे मजकूर उर्दूत, आकडे मात्र मराठी. आज किती धंदा झाला, मालकाला किती दिले. मध्येमध्ये गाडीचं. प्लग साफ केले. क्लचप्लेट बदलली, चाचांनी पैसे घेतले नाहीत. पावसात सायनला बंद पडली, एका भैयानं धक्का दिला. रिंग-पिस्टन, बोअर, तीन दिवस गाडी खाली. एका पानावर, माधुरी की माधवी नीट लागत नाही, कुणा बाईला केईएमला पोचवल्याची नोंद आहे, गाडीतच बाळंत झाली, मुलगा, भाडं घेतलं नाही, सीट धुवायला दोन रुपये.

अशा नोंदी मिळाव्यात म्हणून फेरारीचे संशोधक जीव टाकतील. फक्त चौदा वर्षांच्या त्या वहीत गाडीचा नंबर एकदाही आलेला नाही. मी पान न् पान पाहिलं. गाडी एकच होती, लिहायचं कशाला, असं त्यांना वाटलं असणार.